वीतभर नसेचा हिशेब

नागपुरात कळमन्याच्या बाजारात लाल मिरची उतरते तेव्हा आवारात शिरण्याआधीच ठसका लागतो. लिलाव आटोपला की ढिगांच्या कडेला बायका बसतात, खराब मिरची बाजूला काढतात, देठ तोडतात. त्यांतल्या एकीच्या बसण्याकडे माझं लक्ष गेलं. ती कायम टोकाला, वाटेच्या बाजूला बसायची. पाणी प्यायची नाही. सकाळी घरून काही खाऊन यायची नाही. ओळख वाढल्यावर एकदा सहज कारण विचारलं, तर आधी हसली आणि मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "परसाकडची कळ आली का धरून ठेवता येत नाही. कपड्यातच होते. सांगू कोनाले माय? घरच्या मानसाले बी नाही सांगतलं." धाकट्या मुलाच्या बाळंतपणात तिला खाली फाटलं होतं, टाके पडले होते. तो मुलगा आता बावीस वर्षांचा आहे.

मोबाईलवर कुठे तरी "नस जोडून हा आजार बरा होतो" असं तिच्या भाचीनं वाचलं होतं. खरं आहे का, असं तिनं मला विचारलं. या लेखाचं मूळ तिच्या त्या प्रश्नात आहे. उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा आढावा.

आधी न बोलण्याविषयी थोडं. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचा अहवाल १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास या दुखण्याचा नव्हता. पण अंगावर काढण्याची सवय किती खोल गेलेली आहे, हे विदर्भात त्याच्याइतकं स्पष्ट कुणी मोजलेलं नाही. पांढऱ्या पाण्याबद्दल न बोलणारी बाई संडास आवरत नाही हे कुठून सांगणार? पुरुषांचंही फार वेगळं नाही. मूळव्याध-भगंदराच्या नावाखाली कुठे तरी चिरफाड करून घेतलेली असते आणि पुढे जे भोगावं लागतं ते कुणाला कळू द्यायचं नसतं.

आता यंत्रणा. गुदद्वाराला दोन कड्या आहेत, एकीच्या आत दुसरी. आतली कडी आपल्या इच्छेवर चालत नाही. ती दिवसरात्र, झोपेतही मिटलेली असते आणि विश्रांतीच्या वेळचा बहुतांश दाब तिचाच असतो. बाहेरची कडी आपल्या हुकमतीतली, घाई झाली की जी आपण आवळतो ती. या दोहोंच्या वर एक स्नायू गोफणीसारखा मागून वेढा घालून आतड्याला पुढे ओढून धरतो, त्यामुळे नळीला कोन येतो. पाण्याच्या पाइपाला मुरड घातल्यासारखा हा प्रकार. यापलीकडे आणखी एक करामत आहे. आतली कडी मधूनमधून क्षणभर सैलावते, वर जे आलं असेल त्याचा थोडासा नमुना खालच्या संवेदनशील त्वचेला लागू देते आणि वारा आहे, पातळ आहे की घट्ट, हे शरीर ओळखतं. चारचौघांत बसून वारा सोडावा की उठून जावं याचा निर्णय आपण विचार न करता घेतो, तो या तपासनिसाच्या भरवशावर.

बाहेरच्या कडीला हुकूम पोचवणारा आणि तिथली बातमी मेंदूला कळवणारा मज्जातंतू म्हणजे प्युडेंडल. आपण बोलताना नस म्हणतो. त्याच शब्दानं रक्तवाहिनीही सांगतो, त्यामुळे दवाखान्यात बराच गोंधळ होतो. तर ही नस माकडहाडाच्या वरच्या बाजूच्या त्रिकास्थीतून, दुसऱ्या ते चौथ्या मुळांतून निघते, बैठकीच्या हाडाच्या एका टोकदार उंचवट्याला वळसा घालते, एका अरुंद बोगद्यातून पुढे येते आणि बारीक फांद्या होऊन स्नायूत शिरते. त्या उंचवट्यापासून स्नायूपर्यंतचं अंतर वीतभरही नाही.

बाळाचं डोकं खाली सरकताना नेमकी हीच नस ताणली जाते. मिशिगनच्या संशोधकांनी २००५ मध्ये बाळंतपणाची संगणकावर प्रतिकृती करून पाहिली तेव्हा गुदद्वाराकडे जाणाऱ्या फांदीची लांबी ३५ टक्क्यांपर्यंत वाढताना दिसली. १५ टक्क्यांच्या पुढचा ताण मज्जातंतूला सहसा सोसत नाही, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून माहीत होतं. त्याआधी १९८४ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या स्नूक्स, स्वॉश आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर ही नस मंदावते हे विजेच्या चाचणीनं दाखवलं होतं. त्या दशकात सगळा दोष नसेवर गेला. ज्या बाईला आवरता येत नाही तिची नस गेली, असं समीकरणच होऊन बसलं. मग १९९३ मध्ये अब्दुल सुलतान यांनी सोनोग्राफीची नळी आतून लावून पाहिली. पहिलटकरणींपैकी ३५ टक्के जणींच्या कड्या कुठे ना कुठे तुटलेल्या निघाल्या आणि चिमटा लावून बाळंतपण झालेल्या दहांपैकी आठ जणींच्या. बाळंतपणाच्या वेळी यांतल्या बहुतेकींचं फाटणं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. थोडक्यात, नसेच्या नावावर मांडलेलं बरंचसं कर्ज स्नायूचं होतं. नसेचा वेग मोजणाऱ्या त्या चाचणीचं महत्त्वही पुढे घसरलं. नसेतले सर्वांत वेगवान धागे शाबूत असले की बाकीचे मेले तरी ती चाचणी नस ठीक असल्याचा निर्वाळा देते.

तरीही नस जाते, हे खरंच. मग ती जोडता का येऊ नये?

मज्जातंतूच्या शस्त्रक्रियेचं गणित साधं आणि निर्दय आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, सेडन यांनी नसेच्या इजेचे तीन प्रकार केले. पहिल्यात नस फक्त बधिर होते, आपोआप जागी होते. दुसऱ्यात आतले धागे तुटतात पण नळी शाबूत राहते, त्यामुळे धागे त्याच नळीतून पुन्हा वाढतात. तिसऱ्यात नस आरपार तुटते. टाका घालून जोडायची ती ही तिसरी. जोडल्यावर धागे दिवसाला सुमारे एक मिलिमीटर सरकतात. इकडे हुकूम न मिळालेला स्नायू वाळत जातो, आणि वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर नस पोचली तरी तिला काम द्यायला तिथे स्नायू उरलेला नसतो. मोटारसायकलवरून पडून खांद्याजवळच्या नसांचा जुडगा तुटलेले तरुण पुण्यात डॉ. अनिल भाटिया किंवा मुंबईत डॉ. मुकुंद थत्ते यांच्यासारख्या सर्जनांकडे देशभरातून जातात, तेव्हा पहिला प्रश्न असतो तो अपघात कधी झाला याचा. खांद्यापासून बोटांपर्यंत नसेला दोन-अडीच फूट चालायचं असतं. म्हणून खांदा आणि कोपर परत मिळवता येतात, बोटांची बारीक हालचाल बहुधा नाही.

या हिशेबानं प्युडेंडल ही जोडायला सर्वांत सोयीची नस ठरायला हवी. वीतभरही नसलेलं अंतर, म्हणजे फार तर सात-आठ महिन्यांची वाटचाल. तरी जगातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात या आजारासाठी नस जोडणं ही नेहमीची शस्त्रक्रिया नाही. का नाही, याचं उत्तर मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतं. बाळंतपणात ही नस तुटत नाही, ताणली जाते. इजा एका जागी नसते, ती लांबीभर आणि बहुधा दोन्ही बाजूंना पसरलेली असते. जोडायला तुटलेली दोन टोकं लागतात. इथे ती नसतातच. सुतळी उसवत उसवत विरळ झाली तर गाठ कुठे मारणार? आणि दुसरं म्हणजे वेळ. त्रास बऱ्याचदा बाळंतपणानंतर लगेच दिसत नाही. तरुणपणी बाकीचे स्नायू भार उचलून धरतात, मग चाळिशी-पन्नाशीत पाळी जाते, ताकद ओसरते आणि जुनं नुकसान वर येतं. कळमन्याची ही बाई डॉक्टरपुढे पोचलीच तर वीस वर्षांनी पोचणार. तोवर स्नायूनं वाट पाहणं केव्हाच सोडलेलं असतं.

या तर्काची उलटतपासणी जपानमध्ये झाली. कर्करोगामुळे गुदद्वारासकट आतडं काढून टाकावं लागलेल्या रुग्णांवर सातो आणि कोनिशी यांच्या गटानं १९९० च्या दशकात एक धाडसी प्रयोग केला, आधी कुत्र्यांवर आणि मग माणसांवर. नितंबाच्या मोठ्या स्नायूचा खालचा पट्टा घेऊन नव्या छिद्राभोवती गुंडाळायचा, त्या पट्ट्याची मूळ नस कापायची आणि तिच्या जागी रुग्णाची प्युडेंडल नस जोडायची. म्हणजे आवळ, हा मेंदूचा जुनाच हुकूम जुन्याच तारेनं यायचा, पण त्यावर काम करणारा स्नायू नवा. २००५ मध्ये त्यांनी बऱ्याच वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल दिला आणि काही रुग्णांमध्ये हे जमल्याचं दाखवलं. यात यश का मिळालं असावं ते पाहा. नस धारदार पात्यानं, त्याच टेबलावर, सर्जननं स्वतः कापलेली होती आणि लगेच जोडली होती. ताण नाही, उशीर नाही, टोकं स्वच्छ. नसेच्या शस्त्रक्रियेला जे हवं असतं ते सगळं इथे होतं, आणि नेहमीच्या रुग्णात नेमकं तेच नसतं. जगभर पसरली नाही ही पद्धत. कर्करोगाच्या रुग्णाला इतकं लांबलचक ऑपरेशन सोसवणं अवघड, आणि पोटावरची पिशवी सोपी.

कैरोचे अहमद शफीक यांची वाट वेगळी होती. त्या बोगद्यात नस दाबली जाते, म्हणून बोगदा उघडून ती मोकळी करावी, असं त्यांनी १९९० च्या दशकात मांडलं. मनगटातल्या दबलेल्या नसेसाठी असं करतातच. फ्रान्समध्ये नांत इथे ही मोकळं करण्याची शस्त्रक्रिया रुजली, पण ती बसताना होणाऱ्या असह्य वेदनेसाठी. आवरता न येण्यासाठी तिचा उपयोग किती, याचे पुरावे तुरळक गटांपुरतेच राहिले.

तिसरी कथा चीनमधली आहे आणि ती सांगताना जरा जपूनच सांगावी लागते. वुहानचे शियाओ चुआनगुओ यांनी पाठीच्या कण्यात कंबरेचं एक मूळ कापून ते त्रिकास्थीच्या मुळाला जोडायची कल्पना काढली. मांडी खाजवली की लघवीचा झरा सुटावा, अशी. जन्मतःच कण्यात दोष असलेल्या मुलांची लघवी आणि संडास दोन्ही सुधारतात, असा दावा त्यांनी केला. मिशिगनमध्ये नऊ मुलांवर प्रयोग झाला, सुरुवातीचे निकाल आशा लावणारे होते. पुढे फ्लोरिडात मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. कण्यात अडकून बसलेली मज्जारज्जूची दोरी सगळ्यांचीच मोकळी केली, नस फक्त एका गटाची जोडली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. नुसती दोरी मोकळी करूनही तितकाच फायदा होत होता. दरम्यान २०१० मध्ये, आपल्या दाव्यांवर टीका करणाऱ्या पत्रकार-लेखकांवर गुंड घातल्याबद्दल शियाओ यांना साडेपाच महिन्यांची शिक्षा झाली होती. वैद्यकातल्या वादाचा निकाल हातोडीनं लावायचा प्रयत्न अपवादात्मकच म्हणायचा. पण भाचीच्या मोबाईलवर जे पोचतं ते बहुधा या कथेच्या पहिल्या अर्ध्या भागातलं असतं.

नस जोडता येत नसेल तर स्नायू उसना घ्यावा, हा जुना शहाणपणा आहे आणि तो महाराष्ट्राला परका नाही. कुष्ठरोगात हाताची नस मरते आणि बोटं वाकडी होतात. १९४० च्या दशकाअखेरीस वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी मेलेल्या नसेचा नाद सोडला आणि ज्याची नस जिवंत आहे अशा स्नायूचा कंडरा उचलून बोटांना लावला. आपल्याकडे डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच काम वाढवलं. गुदद्वाराच्या बाबतीत १९५२ मध्ये अमेरिकेत पिक्रेल यांनी मुलांच्या मांडीचा आतला लांबट स्नायू, त्याची नस न तोडता, फिरवून गुदद्वाराभोवती गुंडाळला. अडचण एकच. मांडीचा स्नायू धावायला बनलेला, पहारा द्यायला नाही. काही मिनिटांत थकतो. १९८० च्या दशकाअखेरीस नेदरलंड्सच्या मास्ट्रिख्टमध्ये बाटेन यांनी त्याला सतत सौम्य वीज देणारं यंत्र बसवलं. आठवड्यांच्या अशा तालमीनं स्नायूचा स्वभावच बदलतो, धावपटूचा पहारेकरी होतो. १९९५ च्या त्यांच्या अहवालात ५२ पैकी ३८ रुग्णांना आवरता येऊ लागलं होतं. पण जंतुसंसर्ग, यंत्राचे बिघाड आणि पुनःपुन्हा ऑपरेशनं इतकी झाली की आता ही शस्त्रक्रिया मोजक्याच ठिकाणी उरली आहे.

त्याच १९९५ मध्ये एर्लांगेनच्या क्लाउस माट्झेल यांनी 'लॅन्सेट'मध्ये फक्त तीन रुग्णांची हकिगत छापली आणि सगळा विषयच वळला. त्यांनी काही जोडलं नाही, काही गुंडाळलं नाही. त्रिकास्थीच्या तिसऱ्या छिद्रातून एक बारीक तार सरकवली आणि नसेला मंद वीज दिली. आधी तात्पुरती तार घालून काही दिवस पाहायचं, गुण आला तर कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र बसवायचं. वेक्सनर आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अमेरिकी अभ्यासात कायमचं यंत्र बसवलेल्यांपैकी ८३ टक्के जणांचे प्रसंग वर्षभरानं निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. गंमत अशी की पुष्कळांच्या स्नायूचा दाब फारसा वाढत नाही, तरी फायदा होतो. वीज हुकमाच्या तारेपेक्षा बातमीच्या तारेवर, म्हणजे संवेदनेवर जास्त काम करत असावी, असं आता बहुतेकांना वाटतं. भारतात हे यंत्र मिळतं, पण किंमत लाखांत आहे. मिरचीच्या देठांवर दिवस काढणाऱ्या बाईपुढे तो पर्याय मांडताना माझीच जीभ अडखळली. घोट्याजवळ सुई टोचून वीज देण्याचा स्वस्त उपाय होता. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या २२७ जणांच्या चाचणीत खोट्या उपचारापेक्षा तो फार सरस ठरला नाही.

बातमीच्या तारेवरून मिरची आठवली. तिखटाची आग मज्जातंतूवरच्या ज्या ग्राहकामुळे (रिसेप्टर) कळते त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. तोच ग्राहक असलेले मज्जातंतूचे धागे, घाई आवरत नसलेल्या रुग्णांच्या गुदाशयात वाढलेले आढळतात, असं लंडनच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. नागपुरात झणझणीत सावजी जेवण सोडा म्हणून सांगणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं. पण अशा रुग्णानं महिनाभर हात आखडून पाहावा.

नसेची शस्त्रक्रिया खरोखर संडासावरचा ताबा वाचवते अशी एक जागा आहे, आणि तीही कळमन्यातच सापडते. पोती वाहणाऱ्या हमालांच्या पाठीत. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पोत्याचं वजन कमी व्हावं म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, तरी कंबर ती कंबरच. मणक्यातली गादी एकदम मागे सरकून खालच्या नसांच्या झुपक्यावर बसली, तर पायांत मुंग्या येतात, लघवी अडते आणि सायकलच्या सीटवर शरीराचा जेवढा भाग टेकतो तेवढा बधिर होतो. धुताना हाताचा स्पर्श कळत नाही. ही खूण हमालाला, त्याच्या मुकादमाला आणि त्याला चोळून देणाऱ्यालाही माहीत हवी. कारण इथे नसा तुटलेल्या नसतात, फक्त दबलेल्या असतात. दोन दिवसांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं बरं, दाब काढला तर ताबा परत येण्याची आशा असते. मालिश करून आठवडा घालवला तर पुढे कुठलीही तार, कुठलंही यंत्र ते भरून काढत नाही. कळमन्याहून मेयो हे सरकारी रुग्णालय काही गावाबाहेर नाही.

फाटलेल्या कडीचं शिवणकाम वेगळं. पार्क्स यांनी १९७१ मध्ये रूढ केलेली पद्धत, तुटलेली टोकं एकावर एक चढवून शिवायची, आजही सर्वत्र होते. सुरुवातीला गुण चांगला येतो, पण टिकत नाही. २००० मध्ये सेंट मार्क्सच्याच मलूफ आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांनी ३८ रुग्ण तपासले तर वारा आणि मळ दोन्ही पूर्ण आवरणारं एकही सापडलं नाही. शिवण टिकली तरी खालची नस साथ देत नाही, हा त्यातला एक तर्क. म्हणून सर्वांत उपयोगी टाका तो बाळंतपणाच्या टेबलावरचाच. बाळाचं डोकं सावकाश बाहेर येऊ देणं, दुसऱ्या हातानं खालच्या भागाला आधार देणं, कट घ्यावाच लागला तर तो सरळ खाली न घेता तिरका घेणं आणि शेवटी बोट घालून कडी तपासणं. नॉर्वेनं २००४ नंतर सुईणींना हे नव्यानं शिकवलं आणि मोठ्या फाटण्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होतं ते काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आणलं. त्यासाठी कुठलंही यंत्र लागलं नाही.

त्या बाईला मी एवढंच सांगितलं की नस जोडायची वेळ निघून गेली आहे, पण उपाय संपलेले नाहीत. ती तपासायला गेली. इसबगोल, पातळ होऊ नये म्हणून एक गोळी, ठरलेल्या वेळी परसाकडे बसणं आणि आवळून धरायचा व्यायाम एवढं तिला दिलं. दहापर्यंत मोजत आवळायचं, मग सोडायचं, दिवसातून बऱ्याच वेळा. महिन्याभरानं भेटली तेव्हाही ती वाटेच्याच बाजूला बसली होती, पण पाण्याची बाटली शेजारी होती. मोजायचं विसरायला होतं म्हणून तिनं स्वतःची युक्ती काढली होती. दहा देठ तोडेपर्यंत आवळून धरायचं, पुढचे दहा सैल.

"कोनाले दिसत बी नाही," ती म्हणाली, आणि पुढची मिरची उचलली.